प्रकल्प नोंदी: रुग्णालयातील कामगार-सुरक्षा नियमांची अंमलबजावणी

३ जून

कामगार-सुरक्षा नियमांच्या अंमलबजावणीचा आढावा घेण्याचे काम आजपासून माझ्याकडे आले आहे. तपासणी पथक दहा आठवड्यांनी येईल. कार्यालयातील फायली पाहिल्या, तर कागदोपत्री फारसे काही उणे नाही. धोरण लिहिलेले आहे, प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकांवर सह्या आहेत आणि सुरक्षा समितीची इतिवृत्तेही वेळच्या वेळी लिहिली गेली आहेत. म्हणून फायलींवर आणखी वेळ घालवायचा नाही, असे ठरवले. वॉर्डांत, क्ष-किरण विभागात, उपकरणे निर्जंतुक करण्याच्या खोल्यांत आणि कचरा गोळा होतो त्या जागी उभे राहून काम प्रत्यक्ष कसे चालते ते पाहायचे आणि जे दिसेल ते त्याच दिवशी या वहीत उतरवायचे.

रुग्णालयात धोक्यांची कमतरता नाही. सुया, रसायने, किरणोत्सर्ग, रुग्ण उचलताना जाणारी कंबर, दाबाखालचे वायू, रात्रपाळीचा थकवा, संतापलेल्या नातेवाइकांकडून होणारी मारहाण, सगळेच आहे. तरीही निम्मा वेळ टोचणाऱ्या आणि कापणाऱ्या वस्तूंसाठी राखून ठेवत आहे. त्या-त्या विषाणूची बाधा असलेल्या रुग्णाच्या रक्ताने माखलेली सुई टोचल्यावर एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के आणि हेपटायटिस सीची सुमारे १.८ टक्के किंवा त्याहून कमी मानली जाते. पण लस न घेतलेल्या व्यक्तीला हेपटायटिस बीची लागण होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. या तिघांपैकी लस आहे ती फक्त बीवर. म्हणजे सर्वांत मोठा धोका हाच सर्वांत सहज टाळता येण्यासारखा आहे, आणि तो टाळला गेला आहे की नाही हे एका यादीवरून कळायला हवे. ती यादी उद्या मागवतो.

५ जून

लसीकरणाची यादी मिळाली. सर्वांच्या नावापुढे तीन डोसांच्या तारखा आहेत. समाधान वाटले.

सुई टोचल्याच्या घटनांची नोंदवही मात्र पाहून अस्वस्थ झालो. संपूर्ण वर्षात चार नोंदी, चारही दिवसपाळीतल्या आणि एकही सफाई कामगाराची नाही. ज्या इमारतीत रात्रंदिवस शेकडो इंजेक्शने दिली जातात, तिथे रात्री कोणाला सुई टोचतच नाही, हे पटण्यासारखे नाही. समितीच्या इतिवृत्तात याच चार नोंदींबद्दल ‘घटनांचे प्रमाण समाधानकारकरीत्या कमी’ असे वाक्य आहे. हे वाक्य लिहिणाऱ्यांनी वाईट हेतूने लिहिले असे मला वाटत नाही, पण नोंद न होणे आणि घटना न होणे यांतला फरक तिथे कोणीच विचारात घेतलेला नाही.

१० जून

दोन वॉर्डांत आणि सफाई विभागात नाव न लिहिता भरायच्या चिठ्ठ्या वाटल्या होत्या. प्रश्न तीनच होते: गेल्या वर्षभरात सुई टोचली का, टोचली असल्यास कळवले का, आणि कळवले नसल्यास का नाही. आज पेटी उघडली. केवळ या तीन ठिकाणच्या चिठ्ठ्यांत ‘टोचली’ म्हणणाऱ्यांची संख्या नोंदवहीतल्या चार नोंदींच्या कितीतरी पुढे गेली. हे काही शास्त्रशुद्ध सर्वेक्षण नव्हे, त्यामुळे आकड्यांवर भर देत नाही. मोल आहे ते तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांना.

बहुतेकांनी अर्जाबद्दलच लिहिले आहे. अर्ज चार पानांचा आहे आणि तो ज्या कार्यालयात मिळतो ते संध्याकाळी बंद होते. अर्जाच्या दुसऱ्या पानावर ‘कर्मचाऱ्याची चूक कोणती?’ असा रकाना आहे आणि त्याखाली वरिष्ठाची सही लागते. एकाने लिहिले आहे, ‘रुग्ण चांगला दिसत होता, म्हणून नाही सांगितले.’ एका चिठ्ठीवर फक्त तीन शब्द आहेत: ‘काम जाईल म्हणून.’

एचआयव्हीला प्रतिबंध करणारी औषधे टोचल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, शक्य तर पहिल्या काही तासांतच, आणि ती २८ दिवस घ्यावी लागतात. शनिवारी रात्री सुई टोचलेल्या माणसाने सोमवारी कार्यालय उघडण्याची वाट पाहिली, तर यातले बरेचसे तास वायाच गेले. चार पानी अर्ज आजच रद्द करण्याची शिफारस करत आहे. नवा अर्ज एका पानाचा असेल, प्रत्येक वॉर्डात ठेवला जाईल आणि त्यात ‘चूक कोणती?’ हा रकाना नसेल. त्या जागी ‘सुई कोणती होती, कोणत्या कामात टोचली आणि तेव्हा वापरलेल्या सुया टाकायची सुईपेटी किती अंतरावर होती’ एवढेच विचारले जाईल. औषधे चोवीस तास तातडीच्या विभागात ठेवायची आणि आधी डोस, मग कागद, हा क्रम अर्जाच्या माथ्यावरच छापायचा.

१३ जून

सकाळच्या रक्ततपासणीच्या वेळी मेडिकल वॉर्डात दोन तास उभा होतो. सिस्टर सहाव्या खाटेवरच्या रुग्णाचे रक्त काढत होत्या. सुई बाहेर आली, डाव्या हाताने त्यांनी कापूस दाबून धरला, रुग्णाला कोपर दुमडायला सांगितले, रक्त नळीत भरले आणि मग उजव्या हातातली उघडी सुई घेऊन त्या क्षणभर थांबल्या. सुईपेटी वॉर्डाच्या दाराजवळच्या भिंतीवर आहे. सहाव्या खाटेपासून तिथवर मी नंतर चालून पाहिले, चौदा पावले होतात, आणि वाटेत दोन नातेवाईक, एक स्टूल आणि सलाइनचा स्टँड. त्यांनी ट्रेमधले टोपण उचलले आणि दोन्ही हातांनी सुईवर परत चढवले.

हे करू नये, हे नियमात ठळक अक्षरांत आहे आणि त्याच नियमाचे भित्तिपत्रक त्यांच्या डोक्यामागे लावलेले होते. काम संपल्यावर मी विचारले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “सर, टोपण लावायचं नाही हे मला माहीत आहे. प्रशिक्षणाला मीच सगळ्यांना सांगते. पण मग उघडी सुई घेऊन मी या गर्दीतून दारापर्यंत जाऊ का, ते सांगा.”

माझ्याकडे उत्तर नव्हते. उत्तर त्यांच्या हातात नाहीच, ते पेटीच्या जागेत आहे. पेटी मोजली. तिचे तोंड जमिनीपासून १६५ सेंटिमीटरवर आहे. उभ्याने काम करण्याच्या जागी ते सुमारे १३२ ते १४२ सेंटिमीटरवर असावे, म्हणजे आत काय आणि किती आहे ते टाकणाऱ्याला दिसते. आपल्याकडे सरासरी उंचीच्या सिस्टरला आत न पाहताच, खांद्याच्या वर हात नेऊन सुई सोडावी लागते. एवढ्या उंचावर ती का लावली, याचाही शोध घेतला. भेटीला येणाऱ्या लहान मुलांचा हात पोहोचू नये म्हणून काही वर्षांपूर्वी तसा निर्णय झाला होता. निर्णय चांगल्या मनाने घेतलेला होता. एका धोक्यावर उपाय करताना दुसरा धोका कर्मचाऱ्यांच्या माथी आला आणि तो कोणाच्या लक्षात आला नाही, इतकेच.

उपाय असा ठरतो: भिंतीवरची पेटी मुलांच्या हाती लागू नये ही गरज खरी असल्यामुळे खाटांजवळ भिंतीवर पेट्या लावायच्या नाहीत. प्रत्येक इंजेक्शन ट्रॉलीला एक लहान पेटी घट्ट बसवायची आणि ट्रॉली खाटेपर्यंत न्यायची. सुई जिथे वापरली तिथेच, त्याच हाताने, एका हालचालीत पेटीत गेली पाहिजे.

१८ जून

सहा ट्रॉलींवर पेट्या बसवल्या. पहिल्याच दिवशी नवा प्रश्न पुढे आला. पेटी भरल्यावर बदलायची कोणी? सिस्टरांना वाटते ते सफाई विभागाचे काम, सफाई विभागाला वाटते ट्रॉली सिस्टरांची. जुन्या कार्यपद्धतीत ‘भरल्यावर बदलावी’ एवढेच आहे. पेटी तीन-चतुर्थांश भरली की ती बंद करून हलवायची असते. काठोकाठ भरेपर्यंत थांबले की शेवटची सुई दाबून आत ढकलावी लागते आणि नेमकी तेव्हाच बोटात शिरते. पेटीवर लाल रेघ मारून घेतली आणि पाळी बदलताना इन्चार्ज सिस्टरांनी रेघ पाहायची, असे लेखी ठरवले.

२० जून

क्ष-किरण विभाग. अंगावर पडलेल्या किरणांचे प्रमाण मोजणारे मात्रामापक बिल्ले सर्वांना दिलेले आहेत आणि त्यांचे अहवालही नियमित येतात. अहवालांत दोघांची मात्रा महिनोन्‌महिने जवळपास शून्य दिसली, ती मला खटकली, कारण हे दोघे रोज चालू किरणांखाली होणाऱ्या शस्त्रक्रियांना मदत करतात. त्यांचे बिल्ले टेबलाच्या खणात मिळाले. ते हरवू नयेत म्हणून जपून ठेवले होते. आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार वार्षिक मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने २० मिलिसिव्हर्ट (किरणमात्रेचे एकक) आहे आणि कोणत्याही एका वर्षात ५० च्या वर जाता येत नाही. डोळ्याच्या भिंगासाठी पूर्वी १५० असलेली मर्यादा आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २०११ मध्ये याच पातळीवर खाली आणण्याची शिफारस केली. खणातल्या बिल्ल्यावरून यातले काहीच कळत नाही.

शिशाचे अ‍ॅप्रन घडी घालून ठेवलेले होते. घडीच्या जागी आतल्या थराला भेगा पडतात आणि त्या बाहेरून दिसत नाहीत, म्हणून सर्व अ‍ॅप्रन किरणांखाली तपासून घेतले. दोन बाद करावे लागले. टांगण्यासाठी दांडे मागवले आहेत.

२४ जून

एंडोस्कोपीची उपकरणे जिथे निर्जंतुक करतात, ती खोली. दार उघडताच डोळ्यांना झोंबले. दोन टक्क्यांच्या ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकाचे ट्रे उघडेच होते. तिथे सात वर्षे काम करणाऱ्या तंत्रज्ञांना वासाबद्दल विचारले, तर म्हणाले, “आता वास येतच नाही, सवय झाली.” बोलताना ते दोनदा खोकले आणि त्यांच्या बोटांच्या पेरांवर लालसर, सोललेली कातडी स्पष्ट दिसत होती.

ग्लुटाराल्डिहाइडमुळे त्वचेचा दाह होतो आणि दमा जडू शकतो. एकदा संवेदनशीलता निर्माण झाली की मग अगदी थोड्या वाफेनेही त्रास होतो. हवेतील तिच्या प्रमाणासाठी सुचवलेली कमाल मर्यादा दहा लाख भागांत ०.०५ भाग आहे, तीही क्षणभरसुद्धा ओलांडू नये अशी. नाकाला वासाची सवय होते, पण फुप्फुसांचे तसे नसते. म्हणून वास न येणे ही इथे दिलासा देणारी गोष्ट नाही.

खोलीत पंखा आहे आणि नियमाच्या यादीत ‘वायुवीजन: आहे’ अशी खूणही आहे. मी उदबत्तीसारखी धूर देणारी नळी ट्रेजवळ धरून हवा कुठे जाते ते पाहिले. पंखा छताजवळ आहे आणि ही वाफ हवेपेक्षा जड. ट्रेवरून उठलेला धूर आधी वाकून काम करणाऱ्याच्या चेहऱ्याकडे आला, तिथे घोटाळला आणि मग सावकाश वर गेला. म्हणजे पंखा चालू असताना वाफ तंत्रज्ञांच्या नाकासमोरूनच बाहेर ओढली जात होती. तो धूर त्यांनी स्वतः पाहिला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

आजच केलेले बदल: ट्रेंना घट्ट झाकणे, लॅटेक्सऐवजी नायट्राइलचे लांब हातमोजे, आणि तोंडावरच्या साध्या मास्कने वाफ अडत नाही हे सर्वांना प्रत्यक्ष समजावून सांगणे. टेबलाच्या पातळीवर हवा मागच्या बाजूला खेचणारी व्यवस्था करण्याचा प्रस्ताव दिला आहे; ती होईपर्यंत ही खोली सलग वापरायची नाही. डोळे धुण्याची बाटली कुलूपबंद कपाटात होती आणि तिची मुदत संपलेली होती. डोळ्यात रसायन गेल्यावर वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावे लागते आणि एका बाटलीत तेवढे पाणी नसते. नळाला जोडायचे डोळे धुण्याचे उपकरण मागवले. तंत्रज्ञांची श्वसन आणि त्वचेची तपासणी उद्या आहे.

२७ जून

आग आणि वायू. अग्निशामक जागेवर आहेत, वाटा मोकळ्या आहेत. ऑक्सिजनची तीन सिलिंडरे साखळीविना उभी होती, ती बांधून घेतली. तेलकट हातांनी रेग्युलेटर हाताळू नये, याची पाटी होती. तिथेच वंगणाचा डबा ठेवलेला होता, तो हलवला.

२ जुलै

हाडांच्या वॉर्डात रुग्ण सरकवण्याचे काम पाहिले. ओझे उचलण्यासाठी अमेरिकेत १९९१ मध्ये ठरवलेल्या सूत्रात आदर्श स्थितीतही २३ किलोंची मर्यादा धरलेली आहे, आणि रुग्ण हाताने उचलण्यासाठी २००७ मध्ये सुचवलेली मर्यादा सुमारे १६ किलो आहे, कारण रुग्ण खोक्यासारखा स्थिर नसतो, तो घाबरतो, आखडतो, अचानक सुटतो. प्रौढ माणसाचा एक पायही या मर्यादेच्या आसपास भरू शकतो. वॉर्डात रुग्ण उचलण्याचे यंत्र आहे, पण त्याची बॅटरी उतरलेली होती आणि ती चार्ज करायची जागा कपाटामागे गेली आहे. सरकवण्याच्या गुळगुळीत चादरी भांडारात नव्याकोऱ्या पडून होत्या. कपाट हलवले आणि चादरी प्रत्येक तिसऱ्या खाटेच्या पायथ्याशी टांगल्या.

४ जुलै, रात्र

साडेनऊला फोन आला. सफाईच्या मावशींना साध्या कचऱ्याची काळी पिशवी बांधताना अंगठ्यात सुई टोचली. कोणीतरी सुई साध्या कचऱ्यात टाकली होती. मी पोहोचलो तेव्हा त्यांनी अंगठा साबण-पाण्याने धुतला होता. जखम पिळायची नाही आणि त्यावर ब्लीच वगैरे ओतायचे नाही, हे वॉर्डातल्या सिस्टरांनी त्यांना सांगितले होते. सुई कोणत्या रुग्णाची हे कळण्याचा मार्ग नव्हता, म्हणून डॉक्टरांनी औषधांचा निर्णय घेतला आणि पहिला डोस टोचल्यापासून एक तास चाळीस मिनिटांनी दिला गेला. नवा एकपानी अर्ज त्यानंतर भरला.

मग लसीचा प्रश्न आला. मावशींना हेपटायटिस बीची लस कधीच मिळालेली नव्हती.

५ जूनला जी यादी पाहून मला समाधान वाटले होते, ती आज पुन्हा काढली. तीत फक्त कायम कर्मचारी आहेत. कंत्राटदारामार्फत आलेल्या एकाही सफाई कामगाराचे नाव तीत नाही. यादीच्या शीर्षकात ‘सर्व कर्मचारी’ असे आहे आणि मी तेवढ्यावर विसंबलो. सुया गोळा झालेल्या पिशव्या ज्यांच्या हातांतून जातात, तेच नेमके त्या यादीच्या बाहेर होते. मावशींना इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडे) आणि लसीचा पहिला डोस रात्रीच दिला. इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो २४ तासांत द्यावे लागते, ते साधले.

त्या जाताना म्हणाल्या, “साहेब, माझं नाव वर कळवणार का?” ‘काम जाईल म्हणून’ ही चिठ्ठी कोणाची होती ते मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचेही नाही.

८ जुलै

व्यवस्थापनाबरोबर बैठक झाली. कंत्राटी कामगारांची लस कंत्राटदाराने द्यावी, असा पहिला सूर होता. अमेरिकेत १९९१ च्या नियमानुसार रक्ताशी संबंध येणाऱ्या कामगाराला काम सुरू झाल्यापासून दहा कामकाजी दिवसांत लस मोफत देऊ करावी लागते, हे मी मांडले. त्यामागचा तर्क कोणत्याही देशात तोच आहे, कारण सुई टोचताना पगार कोण देतो हे विचारत नाही. दीड तासाच्या चर्चेनंतर लस रुग्णालय देईल आणि खर्चाचा हिशेब दोन्ही पक्ष नंतर करतील, असे ठरले. टोचल्याचे कळवणाऱ्याला त्या कारणावरून कामावरून काढता येणार नाही, हे कलमही कंत्राटात घालायचे मान्य झाले.

दुसरा आक्षेप अधिक अवघड होता. नवा अर्ज आल्यापासून घटनांच्या नोंदी वाढल्या आहेत आणि पथक येईल तेव्हा आलेख वर जाताना दिसेल. मी स्पष्टपणे सांगितले की तो वरच जायला हवा आणि आलेखासोबत चिठ्ठ्यांतली उत्तरेही पथकासमोर ठेवावीत. सर्वांना ते पटले असे म्हणता येणार नाही, पण कोणी रोखले नाही.

२२ जुलै

सुरक्षित सुयांची निवड. अमेरिकेतील २००० चा कायदा अशा उपकरणांच्या निवडीत प्रत्यक्ष रुग्णसेवा करणाऱ्यांचे मत घेणे बंधनकारक करतो, आणि युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशाने टोपण परत लावण्यावर बंदी घातली. यातली पहिली गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. खरेदी विभागाने दोन नमुन्यांपैकी एक आधीच पसंत केला होता. सिस्टरांनी आठवडाभर दोन्ही नमुने वापरून तो नाकारला. त्यात कवच पुढे सरकवायला दुसरा हात लागतो, आणि तो हात तेव्हा कापूस दाबून धरण्यात गुंतलेला असतो. दुसऱ्यात त्याच हाताच्या अंगठ्याने कळ दाबली की सुई आत जाते आणि ‘टक्’ असा आवाज होतो. डावखुऱ्या सिस्टरांनीही तो वापरून पाहिला. दुसराच घेतला.

५ ऑगस्ट

मेडिकल वॉर्डात पुन्हा दोन तास उभा राहिलो. बावीस वेळा सुई वापरली गेली आणि एकवीस वेळा ती ट्रॉलीवरच्या पेटीत गेली. एकदा टोपण लावले गेले; त्या ट्रॉलीची पेटी लाल रेघेच्या वर भरलेली होती आणि बदललेली नव्हती. पाळी बदलतानाची तपासणी त्या दिवशी राहून गेली होती. इन्चार्ज सिस्टरांशी बोललो. नव्या नोंदवहीत दोन महिन्यांत नऊ घटना आहेत, त्यांतल्या पाच रात्रपाळीच्या आणि तीन सफाई कामगारांच्या.

अजून राहिलेली कामे: निर्जंतुकीकरणाच्या खोलीतली हवेची व्यवस्था मंजूर झाली, बसवलेली नाही. तंत्रज्ञांना डॉक्टरांच्या सल्ल्याने दुसऱ्या विभागात हलवले आहे. कंत्राटी कामगारांपैकी सहा जणांचा पहिला डोस बाकी आहे, ते रात्रपाळीला असल्यामुळे लस देणारे पथक उद्या रात्री दहाला येईल.

मावशींनी प्रतिबंधक औषधांचे २८ दिवस पूर्ण केले. मळमळ खूप झाली, पण डोस चुकवला नाही. आज लसीचा दुसरा डोस झाला. तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी, ४ जानेवारीला, आणि त्यानंतर एक ते दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी. प्रमाण प्रति मिलिलिटर किमान १० मिलि-आंतरराष्ट्रीय एकक यायला हवे. कंत्राट डिसेंबरअखेर संपते. त्याचे नूतनीकरण झाले नाही तरी हा डोस आणि ही तपासणी रुग्णालयानेच करायची, असे पत्र आज सही होऊन आले. त्याची एक प्रत मावशींकडे दिली.